चालत्या कमांडला हात लावावा का?

लिनक्सवर टर्मिनल उघडून ‘एलएससीपीयू’ ही कमांड दिली की प्रोसेसरची कुंडली समोर येते. कोणत्या कंपनीचा, कोअर किती, एका कोअरवर थ्रेड किती, कॅश केवढी, स्पेक्टर-मेल्टडाउनसारख्या त्रुटींपासून बचाव आहे का, सगळे एका पडद्यावर. ही कमांड ‘युटिल-लिनक्स’ या संचातली. कारेल झाक सांभाळत असलेल्या या संचाची 2.37 ही आवृत्ती 2021 मध्ये आली, तेव्हा ही कमांड नव्याने लिहिलेली होती.

चालते आहे ते मोडून पुन्हा लिहू नये, असे प्रोग्रामर मंडळी एकमेकांना बजावत असतात. दाखला ठरलेला: नेटस्केप ही ब्राउझर कंपनी. जुना कोड बाजूला सारून लिहिलेली त्यांची नवी आवृत्ती 2000 च्या अखेरीस आली, तोवर मायक्रोसॉफ्टने बाजार गिळला होता. दाखला खरा आहे, पण इथे तो गैरलागू.

कारण इथे गृहीतकच कोसळले होते. एका यंत्रातले सगळे कोअर एकाच जातीचे, हे कधीकाळी बिनधास्त धरून चालता येई. एआरएमने 2011 मध्ये ‘बिग.लिटल’ रचना जाहीर केली: जड कामाला दणकट कोअर, किरकोळ कामाला वीज वाचवणारे. आज बहुतेक अँड्रॉइड फोनांत अशीच सरमिसळ असते. 2021 सरता सरता इंटेलचे डेस्कटॉप प्रोसेसरही त्याच वाटेने गेले. त्यांच्यातल्या कोअर आय9-12900के मध्ये आठ मोठे कोअर प्रत्येकी दोन थ्रेडचे, आठ छोटे एकेका थ्रेडचे, एकूण 24. मग ‘एका कोअरवर थ्रेड किती?’ याला एकच उत्तर द्यायचे तरी कसे?

नवी कमांड कर्नलने मांडलेली प्रत्येक कोअरची माहिती तपासते आणि वेगवेगळ्या जाती वेगवेगळ्या दाखवते. प्रोसेसरची ओळख पटवायला ती बायोसकडच्या एसएमबायोस तक्त्यांतही डोकावते. यासाठी जुन्या कोडला ठिगळे लावत बसण्यात अर्थ नव्हता.

खरी कसोटी मात्र बाहेरच्या बाजूला होती. असंख्य स्क्रिप्ट या कमांडच्या ओळी वाचून निर्णय घेतात. म्हणून टर्मिनलवरची मांडणी बदलली, तरी पाइपमधून जाणारी ‘नाव, अपूर्णविराम, मूल्य’ ही साधी ओळ तशीच राहील, असे मॅन्युअल सांगते. हा शहाणपणा नव्या कोडइतकाच मोलाचा.

तरीही साचा राखला म्हणजे मजकूर राखला असे नाही. चार कोअरच्या यंत्रावर उबुंटू 18.04 मध्ये एल1 डेटा कॅश ‘32 के’ दिसे, म्हणजे एका कोअरची. 20.04 मध्ये तिथेच बेरीज आली, 128 केआयबी. 22.04 मध्ये त्यापुढे कंसात ‘चार नग’ अशा अर्थाची जोड लागली. नुसता आकडा उचलणारी स्क्रिप्ट 20.04 पासून चौपट उत्तर देऊन मोकळी होत असणार, तीही तक्रार न करता!

स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनी माणसांसाठीचा हा गोषवारा कापत बसू नये. ‘पी’ हा पर्याय यंत्राला वाचता यावे म्हणूनच आहे. हवे ते रकाने नावाने मागवावेत.