चौदा वर्षांचा सोबती



या आठवड्याच्या टपालात खापरखेड्याहून एक पत्र आलंय. पाठवणारी सहावीत शिकते. बाबा तिथल्या वीजकेंद्रात आहेत, त्यामुळे राहणं वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये. वहीची दोन पानं फाडून, मधे मधे खाडाखोड करत तिनं लिहिलंय :

“काका, मला आणि माझ्या भावाला कुत्रा पाळायचा आहे. आई म्हणते, घर लहान आहे, लहानसाच पाहा. बाबा म्हणतात, कमी त्रासाचा पाहा. आजी म्हणते, कुत्रं पोसणं म्हणजे लेकरू पोसणं होय, माझ्याच्यानं होणार नाही. तर कमी त्रासाचा लहान कुत्रा कोणता, ते सांगा.

ता. क. आमच्या ओळीतल्या शेवटच्या क्वार्टरमधले काका बदली होऊन गेले. त्यांचा पांढरा कुत्रा इथंच राहिला. तो रोज त्यांच्या फाटकापाशी बसून असतो.”

पत्र छान आहे. ताजा कलम मात्र मी तीनदा वाचला. त्याच्याकडे शेवटी वळू. आधी प्रश्नाचं उत्तर.

खरं सांगू? बिनत्रासाचा कुत्रा फक्त कापसाचा असतो, खेळण्यांच्या दुकानात मिळतो. जिवंत कुत्र्याला भूक लागते, शी-शू लागते, ताप येतो, कंटाळाही येतो. त्यामुळे प्रश्न जरा बदलून घेऊ : आपल्या घराला, आपल्या गावाला आणि आपल्या दिवसाला झेपेल असा कुत्रा कोणता?

गावापासून सुरुवात करू. खापरखेडा म्हणजे नागपूरजवळचं, सावनेर तालुक्यातलं, वीजकेंद्राचं आणि कोळसा खाणींचं गाव. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढं जातो, हे तिथल्या कुणाला सांगायला नको. आता गंमत पाहा. आपल्याला सगळ्या अंगाला घाम येतो आणि शरीर थंड होतं. कुत्र्याला घाम येतो तो थोडाफार पायांच्या तळव्यांना. बाकी गरमी बाहेर टाकायची ती जीभ काढून, धापा टाकत. म्हणजे नाक आणि घसा मोकळा हवा!

म्हणूनच बसक्या नाकाचा पग इथं अवघड जातो. २००३ साली मोबाइलच्या एका जाहिरातीत तो पोराच्या मागं मागं चालताना दिसला आणि घरोघरी पग हवा झाला. दिसतो गोड, मायाळू असतो, पण बसक्या नाकामुळे त्याला नीट धापाच टाकता येत नाहीत. विदर्भातला उन्हाळा त्याच्या जिवावर बेतू शकतो. कूलरसमोर ठेवू म्हणाल, तर वीज गेल्यावर काय?

ल्हासा आप्सो किंवा शित्झू आकारानं लहान, बाळगायला सोपे वाटतात. पण त्यांचे केस माणसाच्या केसांसारखे वाढतच राहतात. रोज विंचरायचे, नाहीतर गुंता होऊन जटा होतात. त्यात धूळ, त्यात गोचीड. हा काही बाबांच्या भाषेतला ‘कमी त्रास’ नव्हे.

डॅशहुंडचे केस आखूड, धुवायला पाच मिनिटं. पण त्याचे पाय बुटके आणि पाठ लांबलचक. जिने चढणं-उतरणं, पलंगावरून उड्या मारणं यानं पाठीचा मणका दुखावतो. तळमजल्यावर राहत असाल तर ठीक, दुसऱ्या मजल्यावर असाल तर त्याला उचलून नेण्याची तयारी हवी.

आणि आपला ‘पामेरियन’! १९९४ च्या ‘हम आपके है कौन’ या सिनेमातला टफी आठवतो ना? आईबाबांना नक्की आठवेल. आपण ज्याला सरसकट पामेरियन म्हणतो तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. खरा पामेरियन दोन-तीन किलोंचा, त्याहून चिमुकला. स्पिट्झ आपल्या हवेत रुळलेला, हुशार, घरातल्यांना चिकटून राहणारा. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. आठवड्यातून दोन-तीनदा त्याचे केस विंचरावे लागतात. शिवाय तो भुंकतो, आणि चांगलाच भुंकतो! तुमच्या वसाहतीत रात्रपाळी करून दिवसा झोपणारे शेजारी असतील. त्यांचाही विचार करा.

राहिला आपला गावठी. याची कुणी जाहिरात करत नाही. आखूड केस, काटक अंग, हवा मानवलेली, आजारही कमी. आकारानं मात्र तो मध्यम, तुमच्या गुडघ्यापर्यंत सहज येईल. गल्लीतलं पिल्लू आणलंत तर ते पिल्लूच राहणार नाही, एवढं लक्षात असू द्या. कुठलंही पिल्लू आठ आठवड्यांचं होण्याआधी आईपासून तोडायचं नाही. पिल्लं विकणाऱ्यांसाठी २०१७ च्या सरकारी नियमांतही हेच वय आहे.

आता थोडं गणित करू. लहान कुत्रं नीट सांभाळलं तर साधारण चौदा वर्षं जगतं. चौदा वर्षं म्हणजे रामाच्या वनवासाएवढी! फिरवणं, खाऊ घालणं, पुसणं-विंचरणं मिळून रोजचा एकच तास धरला, तर १४ गुणिले ३६५, म्हणजे ५,११० तास. आज तू अकरा वर्षांची असशील, तर तेव्हा पंचवीसची होशील. मधे दहावी येईल, बारावी येईल, कदाचित नागपूर-पुण्याचं कॉलेज येईल. मग तो तास कुणाचा? बहुतेक घरांत तो आईचा होतो, नाहीतर आजीचा. आजी उगीच नाही म्हणत!

आता दोन शब्द आईबाबांसाठी. कुत्रा आणलात तर पहिल्याच आठवड्यात त्याला पशुवैद्यांना दाखवा. जंताचं औषध, पिल्लूपणातल्या आजारांच्या लसी आणि तीन महिन्यांचा झाला की रेबीजची लस, पुढं डॉक्टर सांगतील त्या तारखांना पुन्हा. नागपूरला सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यक महाविद्यालय आहे, १९५८ साली सुरू झालेलं. तिथं जनावरांचा दवाखानाही आहे. चॉकलेट, कांदा-लसूण, द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विषासारखे. शिजवलेली हाडंही नकोत, त्यांचे तुकडे आतड्यात टोचतात. संत नामदेव पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धावले, ते त्यांचं मोठेपण. आपण आपल्या कुत्र्याला रोज तूप घालायला जाऊ नये!

मुलांनो, रेबीजबद्दल एक खरी गोष्ट. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला लुई पाश्चर यांनी तयार केलेली लस टोचायला सुरुवात झाली. त्याला पिसाळलेला कुत्रा चावला होता. तो वाचला. त्याआधी अशा मुलांसाठी जवळपास काहीच करता येत नसे. आजही रेबीज झाल्यावर माणूस वाचणं जवळजवळ अशक्य, पण चावल्यावर लगेच लस घेतली तर रोग होतच नाही. म्हणून कुठल्याही कुत्र्यानं, अगदी घरच्यानंही, चावलं किंवा ओरखडलं, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि घरी सांगायचं. मार मिळेल म्हणून लपवायचं नाही! आणि आईबाबांनो, अशा वेळी मुलांना रागावू नका. आधी दवाखाना गाठा.

आता तो पांढरा कुत्रा.

वीजकेंद्रातली नोकरी म्हणजे बदली आलीच. आज खापरखेडा, उद्या चंद्रपूर, परवा परळी, नाहीतर भुसावळ. ट्रकमध्ये कपाट चढतं, पलंग चढतो, कुंड्यासुद्धा चढतात आणि कुत्रा फाटकापाशी राहतो. त्या काकांची काय अडचण होती ते आपल्याला माहीत नाही, म्हणून त्यांना नावं ठेवायला नकोत. पण पाळलेलं जनावर विनाकारण सोडून देणं हा १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे, हे मात्र सगळ्यांना माहीत असावं. आणि कायदा बाजूला ठेवला, तरी कुत्र्याला ‘बदली’ हा शब्द कळत नाही. त्याला एवढंच कळतं, की इथं आपली माणसं येतात. म्हणून तो बसतो.

पोरी, तू नवा कुत्रा शोधतेस आणि एक कुत्रा तुझ्याच ओळीत माणूस शोधतोय. तो लहान आहे की नाही, किती भुंकतो, उन्हात कसा राहतो, हे तुम्हाला आधीच दिसतंय. पिल्लाच्या बाबतीत हे कळत नाही. पण घाई करू नकोस. आधी बाबांना त्या काकांना फोन करायला सांग. ते कुत्र्याला न्यायला येणार आहेत का? लसी टोचल्या होत्या का? येणार नसतील तर मोठी माणसं सोबत घेऊन त्याला डॉक्टरांना दाखवा. अंगावर धावून जाऊन त्याला मिठी मारायची नाही. थोडं दूर बसायचं, त्याला येऊन हुंगू द्यायचं. विश्वास बसायला त्याला दिवस लागतील.

त्याआधी एक उपक्रम करा. पंधरा दिवस, कुत्रा नसताना! तू आणि भावानं साडेपाचला उठायचं, अर्धा तास फिरून यायचं. संध्याकाळी पुन्हा अर्धा तास. स्वयंपाकघराच्या दारामागं तक्ता लावा, रोज खूण करा. पंधराच्या पंधरा खुणा झाल्या, तर तो तक्ता आजीला दाखवा. मग सगळ्यांनी एकत्र बसून एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं : उद्या आपल्या बाबांची बदली झाली, तर ट्रकमध्ये याची जागा कुठं?

उत्तर सापडलं, तर कुत्रा आणा. नाही सापडलं, तर आणू नका. त्यात लाज नाही. फाटकाशी सावलीत एक पाण्याचं भांडं भरून ठेवायला बदली आड येत नाही.

काय ठरलं ते मला कळवा. तक्त्यावर किती खुणा झाल्या, तेही. खोटं लिहू नका हं!

तुमचा,
काका