गरिबीची आरती पुरे झाली!

प्रेरणादायी चित्रपटांचा मला वीट आला आहे. वाचकहो, तुमच्या पुढ्यात चकली-लाडवांचे ताट असताना असे कडू बोलणे शोभत नाही, हे मला कळते. पण नरकचतुर्दशीला कारिट फोडून त्याचा कडू रस जिभेला लावायची आपल्याकडे रीतच आहे. हा लेख त्या कारिटासारखा समजा. फराळ त्यानंतर आहेच.

त्याचे असे झाले. आमच्या शाळेत मुलांना 'गिफ्टेड हँड्स' हा अमेरिकन चित्रपट दाखवला. २००९ साली तिकडच्या दूरचित्रवाणीसाठी काढलेला. डेट्रॉइट शहरातल्या बेन कार्सन या गरीब कृष्णवर्णीय मुलाची ती खरी कथा. आई लोकांच्या घरी कामे करी. तिचे शिक्षण तिसरीपर्यंतचे. वर्गात ढ ठरलेला तिचा मुलगा शल्यविशारद झाला. १९८४ साली, वयाच्या ३३व्या वर्षी, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात लहान मुलांच्या मेंदूशस्त्रक्रियेचा प्रमुख झाला. १९८७ साली ७० जणांच्या पथकासह २२ तास खपून त्याने डोक्याला डोके जोडलेली जुळी बालके वेगळी केली.

चित्रपट चांगला आहे. मीही डोळे पुसले. नंतर अध्यक्षमहाशय उठले आणि म्हणाले, "पाहिलेत ना, मुलांनो? परिस्थिती कधीच आड येत नाही. जिद्द पाहिजे, जिद्द!" टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी मी निबंध लिहायला दिला. चाळीस वह्यांत चाळीस वेळा 'जिद्द'. सगळ्यांखाली मी 'छान' असा शेरा मारला, आणि घरी येऊन मला माझ्याच शेऱ्याची लाज वाटली.

कारण कार्सन यांनी स्वतः आपल्या आत्मचरित्रात काय लिहिले आहे? पाचवीत असताना शाळेत मुलांचे डोळे तपासले गेले. तेव्हा कळले, या पोराला नीट दिसतच नाही! शाळेने त्याला फुकट चष्मा दिला आणि गुण चढू लागले. आईने दूरदर्शनसंचावर निर्बंध घालून आठवड्याला दोन पुस्तके वाचायची सक्ती केली. तिला स्वतःला धड वाचता येत नव्हते, तरी मुलांनी लिहिलेल्या टिपणांवर ती खुणा करी. धन्य ती माउली! पण ती पुस्तके आली कोठून? सार्वजनिक ग्रंथालयातून, फुकट. पुढे येल विद्यापीठाने शिष्यवृत्ती दिली. म्हणजे चष्मा, ग्रंथालय आणि शिष्यवृत्ती. चाळीस निबंधांत या तिन्हींपैकी एकाचेही नाव नव्हते.

मला हे इतके का झोंबले, तेही सांगून टाकतो. पंधरा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक उंच मुलगा होता. उंच म्हणून शेवटच्या बाकावर. फळ्यावरचा तीन तो आठ म्हणून उतरवून घेई. मी त्याला भर वर्गात 'ढ' म्हणालो, वर्ग हसला. आठवीनंतर त्याने शाळा सोडली. गेल्या वर्षी बाजारात एका दुकानाच्या गल्ल्यावर तो भेटला. नाकावर जाड भिंगांचा चष्मा. हसत म्हणाला, "गुरुजी, मला फळा कधी दिसलाच नव्हता." आणि त्याने मला चार रुपये कमी लावले.

त्याच्याजवळ जिद्द नव्हती, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू?

अजून कोणाला शंका असेल, तर त्याने दुसरा चित्रपट पाहावा: 'समथिंग द लॉर्ड मेड', २००४ सालचा. रुग्णालय तेच, जॉन्स हॉपकिन्स. नायक व्हिव्हियन थॉमस, कृष्णवर्णीय सुताराचा मुलगा. डॉक्टर व्हायचे म्हणून पै पै साठवली. मंदीत बँक बुडाली, पैसे गेले. १९३० साली तो डॉ. ब्लेलॉक यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागला. काम शास्त्रज्ञाचे, हुद्दा सफाई कामगाराचा! हृदयातल्या जन्मजात दोषामुळे ज्या बालकांचे अंग निळे पडते, त्यांच्यावरची शस्त्रक्रिया त्याने आधी कुत्र्यांवर करून बसवली. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी ती पहिल्यांदा एका मुलीवर झाली. तेव्हा सुरी ब्लेलॉक यांच्या हाती, आणि त्यांच्या मागे पायरीवर उभा राहून टाका कसा घालायचा हे सांगणारा थॉमस! त्याने कितीतरी शल्यविशारदांना हात धरून शिकवले. स्वतः मात्र तो कधीच डॉक्टर झाला नाही. १९७६ साली त्याला सन्माननीय पदवी मिळाली, तीही वैद्यकाची नव्हे, कायद्याची!

कार्सन त्या रुग्णालयात शिकायला आले १९७७ साली. थॉमस तेव्हा तेथेच होते. छप्पर एक, हातातले कसबही तसेच. मग एकाला जिद्द होती आणि दुसऱ्याला नव्हती काय? नाही हो! एक आला तोवर दरवाजा उघडलेला होता. दुसऱ्याच्या तोंडावर तो आयुष्यभर बंदच राहिला.

"म्हणजे मास्तर, कष्टांना किंमतच नाही?" असे कोणी विचारील. आहे ना! पण कष्ट हे मुलाचे काम आणि दरवाजा उघडणे हे आपले. आपले काम टाळायचे आणि मुलाला जिद्दीवर व्याख्यान द्यायचे, हा आपमतलबीपणा आहे. दरवर्षी निकाल लागला की वर्तमानपत्रांत धुणीभांडी करणाऱ्या आईच्या गुणवंत मुलाचा फोटो येतो. आपण गहिवरतो. शेजारच्याच घरची, नापास झालेली पोरे आपल्याला दिसत नाहीत. गरिबी माणूस घडवते म्हणे! गरिबी घडवत असती तर श्रीमंतांनी आपली पोरे तिच्याकडे शिकायला धाडली नसती का?

मी मॅट्रिकपुढे न गेलेला साधा मास्तर. देशाची व्यवस्था मी काय बदलणार? पण आमच्या शाळेतल्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली माझ्याच खिशात असते. पुस्तके फाटतील म्हणून ते कपाट मी बंद ठेवतो. डोळे तपासणारे पथक ज्या दिवशी आले, त्या दिवशी गैरहजर असलेल्या मुलांची यादी माझ्याच हजेरीपटात आहे. सुटी संपली की ती यादी मी काढणार आहे. आणि पुस्तके फाटली तर फाटू देत.