शिंपले, कवड्या आणि आपला दिवाणखाना

लीड्सहून समुद्र तसा दूरच. तरीही उन्हाळ्याच्या सुटीत स्कारबरो, फायली किंवा व्हिटबीला जाऊन आलेल्या आपल्या कुटुंबांच्या घरी शिंपल्यांची एखादी पिशवी हमखास सापडते आणि बहुधा ती गाडीच्या डिकीत वास मारीत पडून राहते. त्या पिशवीचे काय करावे, याविषयी या वेळी थोडे लिहीत आहोत.

आत जीव नसलेलाच शिंपला उचलावा. घरी आणल्यावर दोन दिवस गोड्या पाण्यात ठेवावा, जुन्या ब्रशने घासावा आणि इथल्या उन्हाचा भरवसा नसल्याने रेडिएटरजवळ वाळवावा. व्हिनेगर मात्र टाळावे. शिंपला म्हणजे चुन्याचाच प्रकार, आम्लात तो झिजतो. कोकणात शिंपले भाजूनच चुना करीत असत. किनाऱ्यावरील गोटे उचलण्यास १९४९ च्या कायद्यान्वये पुष्कळ ठिकाणी मनाई आहे, तेव्हा ते तिथेच राहू द्यावेत. समुद्रावर जाणे न जमल्यास कर्कगेट बाजारातील मासेवाल्यांकडे स्कॅलॉपच्या पंख्यासारख्या शिंपल्यांची चौकशी करून पाहावी. फिक्या भिंतीसमोर, काचेच्या पसरट भांड्यात थोड्या वाळूवर ते शोभून दिसतात. आरशाभोवती शिंपले चिकटविण्याची हौस मात्र आम्हांस फारशी रुचत नाही. धूळ पुसता पुसता जीव जातो.

व्हिटबीच्या कड्यांतून मिळणारा अमोनाइट हा गुंडाळीसारखा जीवाश्म घरात अवश्य असावा. संत हिल्डाने सापांचे दगड केले, अशी तेथील आख्यायिका. पूर्वीचे कारागीर तर गिऱ्हाइकांसाठी त्या दगडांना सापाचे तोंडही कोरून देत! आपल्याकडे गंडकी नदीतील असेच अमोनाइट शाळिग्राम म्हणून पुजले जातात. एकाच प्रकारच्या प्राण्याला इथे शाप चिकटला, तिथे देवत्व. व्हिटबीचा अमोनाइट सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रात पोहत होता. मुलांना हे सांगितले की शोभेची वस्तू आपोआप अभ्यासाची होते.

खरा प्रश्न कवड्यांचा. गृहसजावटीच्या दुकानांत हल्ली कवड्यांच्या माळा, तोरणे आणि कवड्या ओवलेले पडदे ‘समुद्री’ शैली म्हणून मिळतात. येथे वाढलेल्या मुलींना त्या सुंदर वाटतात, आणि त्या सुंदर आहेतही. परंतु गावाकडून आलेल्या आजीची नजर अशा माळेवर पडते तेव्हा तिला समुद्र दिसत नाही. तिला आराधी आणि भुत्ये दिसतात, परडी दिसते, देवाला वाहिलेल्या मुली दिसतात. जून १९३६ मध्ये मुंबईत बाबासाहेबांनी देवदासी, जोगतिणी, आराधी, पोतराज यांच्या सभेत हे जिणे सोडण्याचे आवाहन केले होते. घरातील कवड्यांच्या माळा कुणी कधी उतरविल्या, हे पुष्कळ कुटुंबांत अद्याप आठवणीत आहे.

म्हणून घरात कवडी आणूच नये काय? आम्हांस तसे वाटत नाही. कवडीचा इतिहास त्या माळेपुरता नाही. मालदीवच्या समुद्रातून निघालेली कवडी शतकानुशतके हिंदुस्थानात चलन होती. ‘कवडीमोल’, ‘फुटकी कवडी’ हे शब्द त्या व्यवहारातूनच आले. युरोपीय व्यापाऱ्यांनी त्याच कवड्या जहाजे भरभरून पश्चिम आफ्रिकेत नेल्या आणि त्यांच्या मोबदल्यात माणसे विकत घेतली. लीड्समधील आपल्या आफ्रिकी-कॅरिबियन शेजाऱ्यांशी या विषयावर बोलण्यासारखे पुष्कळ आहे.

आमचे मत एवढेच की माळ नको, सुट्या कवड्या चालतील. त्या झाकणाच्या बरणीत, पुस्तकांच्या फडताळावर असाव्यात. बुद्धमूर्ती किंवा बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर नकोत, कारण तेथे त्यांना पुन्हा पूजेचे रूप येईल. आणि घरात आजी असेल तर बरणी मांडण्यापूर्वी तिला विचारावे. ती नको म्हणाली, तर शिंपले आहेतच.