पाटी कोल्हापूरची, गाडी बेळगावची

आपल्या भागात गाडी घ्यायची म्हटली की घरात दोन पक्ष पडतात आणि ते मराठी-कन्नड असे नसतात. एक पक्ष ‘मायलेज एष्ट कोडतैत्री?’ विचारणाऱ्यांचा, दुसरा ‘विकताना किती येतील?’ विचारणाऱ्यांचा. पहिल्यात बहुधा धारवाडकडचे माव, दुसऱ्यात कोल्हापूरचे काका. भांडण कितीही रंगले तरी दोघांचा निकाल एकच: मारुती घ्या! मारुती ८०० ही १९८३ साली आली, २०१४ च्या सुरुवातीला तिचे उत्पादन थांबले. पण तिच्यावरचा विश्वास आल्टो आणि वॅगनआरला वारशाने मिळाला. तो खोटाही नाही. रविवारी संध्याकाळी संकेश्वरला क्लचची वायर तुटली तर मेस्त्री मिळेल का आणि त्याच्याकडे वायर असेल का, हे कुठल्या जाहिरातीत लिहिलेले नसते.

इंडिकावाले तेव्हाही वेगळे होते, आजही आहेत. १९९८ मध्ये टाटांनी ती आणली तेव्हा मागे तिघे ऐसपैस बसतात आणि डिझेलवर चालते, एवढे दोनच मुद्दे त्यांना पुरत. डिझेलचे ते दिवस आता गेले. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बनवणेच बंद केले. शाळा, बाजार आणि वर्षातून एकदा सौंदत्तीच्या यल्लम्माला, एवढेच ज्यांचे फिरणे त्यांनी डिझेलच्या नादी लागू नये असे माझे स्पष्ट मत आहे. नव्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते. गाडी लांब पल्ल्याला पळाली नाही तर ती तुंबते.

पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलवरून मात्र आपल्याकडे गंमत होते. ऊस लावणारा थोरला भाऊ खूश, जुनी गाडी चालवणारा धाकटा चिंतेत. वीस टक्के मिश्रणासाठी न बनलेल्या गाडीचे मायलेज थोडे घटते, हे सरकारी कागदांतही मान्य केलेले आहे. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि वॉशर सर्व्हिसिंगच्या वेळी तपासून घ्यावेत. यापलीकडे त्यावर घरात अबोला धरण्याचे कारण नाही.

अबोला धरण्यासारखा विषय दुसराच आहे. केए २२ पाटीची गाडी घेतली तर कर्नाटकाचा आजीव कर किमतीनुसार १३ ते १८ टक्के, वर अधिभार. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीचा कर ११ टक्क्यांपासून सुरू होतो. मग कोणीतरी सुचवतेच, ‘काकांच्या नावावर एमएच ०९ पासिंगची घेऊ आणि इकडे वापरू.’ निपाणी-चिकोडीपासून खानापूरपर्यंत अशा गाड्या थोड्याथोडक्या नाहीत. पाहुण्यांकडे चार दिवस नेलेली गाडी वेगळी आणि कायम इथेच राहणारी वेगळी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक ठेवलेल्या गाडीला तिथला नवा नंबर घ्यावाच लागतो.

दंड भरून सुटता येईल असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात ठरवले की, अपघाताच्या भरपाईसाठी आरसी बुकावर ज्याचे नाव तोच मालक. त्या प्रकरणात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे विकली गेली होती, नाव मात्र पहिल्याचेच राहिले होते. आता विचार करा. भाचा बेळगावात गाडी चालवतो, विम्याचा हप्ता भरायचा कोणी या घोळात विमा संपतो आणि एके दिवशी गाडी कुणाला तरी धडकते. नोटीस जाते कोल्हापूरला, ज्या काकांनी त्या गाडीचे स्टिअरिंगही धरलेले नाही त्यांच्या घरी. प्रेमापोटी दिलेले नाव असे निवृत्तीच्या पुंजीवर येते.

रीतसर मार्ग कटकटीचा आहे पण अवघड नाही. आधी बँकेचा बोजा उतरवायचा, दंडाची जुनी चलने भरायची, मग फॉर्म २८ भरून मूळ आरटीओकडून ना हरकत दाखला घ्यायचा. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०. इकडे आल्यावर कर गाडीच्या वयानुसार कमी करून भरावा लागतो आणि नवा नंबर पडला की महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो. हा परतावा मागायलाच अनेकजण कंटाळतात, आणि मग म्हणतात परवडत नाही! विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला हवा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, तो हिशेबात धरू नका.

लष्करात किंवा केंद्र सरकारच्या नोकरीत असणाऱ्या घरांना एक सोय आहे. २०२१ पासून सुरू झालेली ‘बीएच’ मालिका. तिच्यात कर दोन-दोन वर्षांचा भरतात आणि बदली झाली तरी नंबर तोच राहतो. चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांतल्या नोकरदारांनाही ती मिळू शकते. मराठा लाइट इन्फंट्रीच्या गावात ही गोष्ट अजून पुष्कळांना माहीत नसावी, याचे मला नवल वाटते.

सेकंडहँड गाडी बघताना रंग आणि सीट कव्हर सगळेच बघतात. तुम्ही उत्पादनाचा महिना बघा. एबीएस ब्रेक सर्व नव्या मोटारींना एप्रिल २०१९ पासून आणि चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. शेजारच्या सीटची एअरबॅग तर २०२१ अखेरपर्यंत सर्व मॉडेलांना आली नव्हती. म्हणजे २०१७ ची स्वस्त बेस मॉडेल गाडी चाळीस हजारांनी कमी मिळत असेल तर ते चाळीस हजार कशाचे आहेत हे विचारून घ्या. पावसाळ्यात चोर्ला घाटाच्या वळणावर समोरून ट्रक आला की एबीएसचा अर्थ कळतो, आणि तेव्हा माव किंवा काका कोणीच शेजारी सल्ला द्यायला नसतात.

मागच्या सीटवरही पट्टा लावणे कायद्याने बंधनकारक आहे. निघण्यापूर्वी अज्जीला तो एकदा लावून दाखवा. मराठीत सांगा, कन्नडमध्ये सांगा, ती पहिल्यांदा नकोच म्हणणार.