रात्र झाली म्हणून थांबू नका

अकोल्याच्या एका भगिनीने पत्रात लिहिले आहे, "दहा महिन्यांच्या मुलीला ईशानंतर ताप आला. रात्री दोनला धाप लागली. शौहर बाहेरगावी. सासूबाई म्हणाल्या, फज्र होऊ द्या, मग नेऊ. शेजारच्या खालांनी कपडा वर करून छाती पाहिली आणि लगेच आपल्या मुलाला ऑटो काढायला लावला." निमोनिया निघाला. मुलगी आता बरी आहे, अल्हम्दुलिल्लाह.

बहिणींनो, त्या खाला डॉक्टर नाहीत. काय पाहायचे, एवढेच त्यांना ठाऊक होते.

हीच गोष्ट आपल्या अमरावती जिल्ह्यात, मेळघाटात घडली आहे. धारणी तालुक्यात डॉ. आशिष व डॉ. कविता सातव यांच्या 'महान' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना बाळांचे आजार ओळखायला आणि पहिला उपचार करायला शिकवले. त्याआधी गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत हे करून दाखवले. तिथले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. १९९९ साली जगाने त्याची दखल घेतली. दवाखाना रात्री बंद होतो, शेजारीण मात्र शेजारीच असते.

म्हणून हे पाठ करा. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षापर्यंत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास असतील, तर निमोनियाची शंका घ्या. छाती आत ओढली जाते, दूध-पाणी घेत नाही, पोटात काहीच ठरत नाही, झटके येतात, मूल हाक मारूनही जागे होत नाही, किंवा दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आहे वा त्याचे अंग गार पडले आहे, यांपैकी एकही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. ती गाडी मोफत आहे. घरात उरलेले औषध देऊ नका. बाळ पीत असेल तर अंगावरचे दूध चालू ठेवा.

आणि मोहल्ल्यात आजच ठरवून ठेवा : रात्री गाडी कोण काढील, आईसोबत कोण जाईल, मागे राहिलेल्या लेकरांजवळ कोण झोपेल? कोणत्या रुग्णालयात रात्री मुलांचे डॉक्टर असतात, हेही विचारून ठेवा. नावे आणि नंबर कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. रात्री दोन वाजता शोधाशोध करायला वेळ नसतो.