गुळवेलीचा अवमान नेमका कोणी केला?

आयुर्वेदाने ‘अमृता’ म्हणून गौरविलेल्या गुळवेलीमुळे यकृताला इजा झाल्याचे कोणी नोंदविले, की परंपरेचा अवमान झाल्याची ओरड सुरू होते. पण हा अवमान नेमका कोणी केला?

चरकसंहितेने तिला वयःस्थापन गणात बसविले. ज्वर आणि वातरक्त यांवर वैद्य ती देत आले, ते प्रकृती, मात्रा व काळ पाहूनच. ऑक्टोबर २०२० च्या आयुष नियमावलीनेही गुडूची घनवटी पंधरा दिवस किंवा महिनाभर, एवढीच सांगितली. आज मात्र दादरच्या गल्लीत काय किंवा चंडीगढच्या सेक्टर २२ मधील दुकानात काय, गुळवेलीच्या रसाची बाटली कोणालाही विनाचौकशी मिळते.

२०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी यकृतदाहाचे सहा रुग्ण नोंदविले. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष दिशाभूल करणारा ठरविला. पुढे दिसायला सारख्या ‘टिनोस्पोरा क्रिस्पा’शी गल्लत होत असल्याचे सांगितले. २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांतून असे ४३ रुग्ण पुढे आले. त्यांतील अनेकांत स्वयंप्रतिकारजन्य यकृतदाहाची लक्षणे आढळली.

गल्लत झाली हे मान्य केले, तरी चुकीची वेल औषध म्हणून विकली जाते, हा दोष कोणाचा? आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी यंत्रणा सरकारनेच उभारली आहे. तिच्याकडे तक्रार पोहोचणे हा परंपरेचा द्रोह नव्हे. बाटलीवर मात्रा, मुदत आणि यकृतविकाराच्या रुग्णांसाठी इशारा ठळक छापा. मात्रा विसरून अमृत विकणाऱ्यांनी परंपरेची ढाल पुढे करू नये.