गाडीनं लावली पायाला शिस्त

दोस्तांनो, आज एक साधा प्रश्न. गाडी कोण चालवतं?

तुम्ही म्हणाल, "हा काय प्रश्न झाला? ड्रायव्हर चालवतो!" अगदी बरोबर. पण कधीकधी उलटंही घडतं बरं का. गाडीच ड्रायव्हरला वळण लावते. वर्षानुवर्षं एकाच पद्धतीनं गाडी हाकणारी माणसं एका वेगळ्या गाडीत बसतात आणि बघता बघता त्यांचा पाय सुधारतो. पाय म्हणजे उजवा पाय. ॲक्सिलरेटर आणि ब्रेक, दोन्ही त्याच्याच ताब्यात असतात ना! ही वेगळी गाडी म्हणजे हायब्रिड. आज तिचीच गोष्ट.

हायब्रिड ज्वारी हे नाव तुमच्या आजी-आजोबांना चांगलं माहीत असेल. दोन वाणांचा संकर करून तयार केलेली ती ज्वारी. गाडीचंही तसंच. एकाच गाडीत पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर, दोघं भावंडांसारखी राहतात. हळू जायचं असेल तेव्हा मोटर गाडी ढकलते, जोर लावायचा असेल तेव्हा इंजिन उठतं, आणि चढ आला की दोघंही कंबर कसतात. कोणी कधी काम करायचं हे गाडीतला संगणक ठरवतो.

जपानमध्ये टोयोटा कंपनीनं १९९३ मध्ये अशा नव्या गाडीच्या कामाला सुरुवात केली. ताकेशी उचियामादा हे त्या कामाचे मुख्य अभियंता. डिसेंबर १९९७ मध्ये 'प्रियस' ही गाडी जपानमध्ये विक्रीला आली. मोठ्या संख्येनं तयार झालेली ही पहिली हायब्रिड गाडी. २००० साली ती अमेरिकेत पोचली. आपल्याकडे २०२२ पासून मारुती, होंडा आणि टोयोटा यांच्या नव्या हायब्रिड गाड्या आल्या, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या रस्त्यावरही त्या तुम्हाला दिसतील.

आता गंमत ऐका. नेहमीच्या हायब्रिडला चार्जिंगसाठी वायर जोडावी लागत नाही. मग बॅटरीत वीज येते कुठून? थोडी इंजिन तयार करतं, आणि थोडी येते चक्क ब्रेकमधून!

साध्या गाडीत ब्रेक दाबला की काय होतं? चाकापाशी पट्ट्या घासतात, त्या तापतात आणि गाडी थांबते. सायकलवरून उतार उतरल्यावर ब्रेकच्या रबराला हात लावून पाहिलात तर ते कोमट लागेल. गाडी पळवण्यासाठी जाळलेल्या पेट्रोलची ती ऊर्जा उष्णता होऊन हवेत गेली. संपलं! हायब्रिडमध्ये मात्र हलकेच ब्रेक दाबला की विजेच्या मोटरचं जनित्र बनतं. चाकं त्या जनित्राला फिरवतात, वीज तयार होऊन बॅटरीत जाते आणि ते ओझं ओढता ओढता गाडी मंदावते.

यात ऊर्जा असते तरी किती? चला, गणित करू. गतिज ऊर्जेचं सूत्र वरच्या वर्गातल्यांना पाठ असेल: वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. गाडी १,३०० किलोची धरू आणि वेग ताशी ६० किलोमीटर. उत्तर येतं सुमारे १,८०,००० ज्यूल, म्हणजेच ५० वॉट-तास. एवढ्या ऊर्जेवर १० वॉटचा एलईडी दिवा पाच तास जळेल. आणि साधा ड्रायव्हर सिग्नलपाशी एकदा कचकन ब्रेक मारतो, तेव्हा तो पाच तासांचा दिवा काही सेकंदांत विझवून टाकतो!

वेगाचा वर्ग आहे, हे विसरू नका हं. वेग निम्मा, ताशी ३० केला, तर ऊर्जा निम्मी नाही, पाव होते. दिवा सव्वा तासच जळेल. आणि वेग दुप्पट, ताशी १२० केला, तर ऊर्जा चौपट. दिवा वीस तास!

हे गणित ड्रायव्हरला कोण समजावणार? इथेच प्रियसनं कमाल केली. तिच्या डॅशबोर्डवर एक छोटा पडदा आहे. आत्ता इंजिन चाललंय की मोटर, वीज बॅटरीतून बाहेर येतेय की आत जातेय, हे त्यावर बाणांनी दिसतं. २००३ च्या मॉडेलमध्ये तर दर पाच मिनिटांच्या ॲव्हरेजचा एकेक खांब पडद्यावर उभा राहायचा. आणि थांबताना ५० वॉट-तास वीज परत मिळाली की एक छोटंसं चिन्ह उमटायचं. बक्षीसच म्हणा ना!

मग काय, मोठी माणसंसुद्धा लहान मुलांसारखी चिन्हं गोळा करायला लागतात. पहिला धडा ते पटकन शिकतात. जोरात ब्रेक दाबला तर चिन्ह मिळत नाही. कारण जनित्र आणि बॅटरी एका वेळी ठरावीकच वीज घेऊ शकतात. नळाखाली छोट्या तोंडाची बाटली धरली आणि नळ पूर्ण सोडला, तर पाणी बाहेरच सांडतं, तसं. पाय जोरात पडला की नेहमीचे घासणारे ब्रेकही मदतीला येतात आणि ऊर्जा पुन्हा उष्णता होऊन जाते. म्हणून ड्रायव्हर लवकर आणि हलका ब्रेक लावायला शिकतो. मागे बसलेल्या आजींची मान पुढे-मागे होत नाही, हा वरचा फायदा!

पण खरी मजा दुसऱ्या धड्यात आहे. काही दिवसांनी हुशार ड्रायव्हरच्या लक्षात येतं, की ज्या दिवशी खूप चिन्हं मिळाली, त्या दिवशी ॲव्हरेज काही फार चांगलं नव्हतं. असं कसं? विचार करा पाहू.

समजा, तुम्ही दुकानातून दहा रुपयांची वही घेतली आणि नको म्हणून परत केली. दुकानदारानं कापून घेऊन सहाच रुपये हातावर ठेवले. सहा मिळाले म्हणून आनंद मानायचा, की चार गेले म्हणून वाईट वाटून घ्यायचं? ब्रेकमधून आलेली वीज म्हणजे आपणच खर्चलेल्या पेट्रोलचा असा कापून मिळालेला परतावा आहे. चाकातून जनित्रात, जनित्रातून बॅटरीत, बॅटरीतून पुन्हा मोटरमध्ये, अशा प्रत्येक टप्प्यावर थोडी ऊर्जा गळतेच. मग शहाणपण कशात? वही नको असेल तर ती विकतच न घेण्यात! म्हणजे पुढे थांबायचंच असेल, तर मुळात वेग न वाढवण्यात.

इथे ड्रायव्हरची नजर बदलते. आधी तो पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यांकडे पाहत असतो. आता तो दोनशे मीटर पुढे पाहायला लागतो. सिग्नल लाल आहे? मग आत्ताच ॲक्सिलरेटरवरून पाय काढू. गतिरोधक दिसतोय? गाडी आपोआप मंदावू दे. पोचेपर्यंत सिग्नल हिरवा झाला तर थांबावंच लागत नाही. पुढच्या गाडीपासून अंतर राखायची सवय त्यातूनच लागते, कारण अंतर असेल तरच हळूहळू मंदावता येतं. पेट्रोल वाचवायला गेलेला माणूस नकळत सुरक्षित गाडी चालवू लागतो.

तिसरा धडा थांबल्यावरचा. सिग्नलला हायब्रिड उभी राहिली की इंजिन बहुतेक वेळा बंदच होतं. नव्या मालकाला वाटतं, गाडी बंद पडली! मग त्या शांततेची सवय होते आणि आजूबाजूच्या गाड्यांची घरघर कानाला खटकायला लागते. उभ्या गाडीनं पेट्रोल का म्हणून प्यावं? हळू चालणाऱ्या गर्दीतही हायब्रिड विजेवर सरकू शकते. म्हणूनच २००४ च्या प्रियसला अमेरिकेच्या तेव्हाच्या सरकारी चाचणीत शहरात लिटरमागे सुमारे २५ किलोमीटर मिळाले, तर महामार्गावर सुमारे २२. साध्या गाडीचं नेमकं उलटं असतं.

आता तुम्ही विचाराल, एवढ्याशा पडद्यानं मोठ्यांच्या सवयी कशा बदलतात? नुसतं सांगून तर कोणी ऐकत नाही! त्याचं असं आहे. वर्षभर तुमच्या वहीवर कोणी काहीच शेरा दिला नाही आणि वार्षिक परीक्षेत एकदम "अक्षर खराब" असं लिहिलं, तर काय उपयोग? पण बाई शेजारी उभ्या राहून "हा उकार बघ, ही वेलांटी बघ" असं तिथल्या तिथे सांगतात, तेव्हा अक्षर सुधारतं. साध्या गाडीचा पेट्रोलचा काटा म्हणजे वार्षिक परीक्षा. टाकी रिकामी झाली एवढंच तो सांगतो, कोणत्या चुकीमुळे झाली ते नाही. हायब्रिडचा पडदा शेजारी उभ्या असलेल्या बाईंसारखा आहे. इतर कंपन्यांनीही ही युक्ती उचलली. होंडाच्या २००९ च्या 'इनसाइट'मध्ये नीट गाडी चालवली की वेगाच्या आकड्यामागचा रंग निळ्याचा हिरवा व्हायचा. फोर्डच्या 'फ्युजन हायब्रिड'मध्ये तर डॅशबोर्डच्या पडद्यावर वेलीला पानं फुटायची. घाई केली की पानं गळायची!

तरी सावध! प्रत्येक चांगल्या सवयीला एक वेडाची बाजू असते. पडद्यावरचे आकडे पाहण्यात रस्त्यावरचं लक्ष उडालं, तर वाचलेल्या पेट्रोलला काय अर्थ? शिवाय पाय हलका हवा म्हणून वाहत्या रस्त्यात गोगलगायीसारखं जाणं हा मागच्यांना त्रासच. त्यात लाभही नाही, कारण नुसत्या बॅटरीवर फार चाललं की ती भरायला शेवटी इंजिनालाच पेट्रोल जाळावं लागतं.

साध्या गाडीत तर आणखी एक धोकादायक प्रकार चालतो. पेट्रोल वाचवायचं म्हणून काही जण घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात, कोणी इंजिनही बंद करतात. असं कधीही करू नये! इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी मदत संपते, ब्रेक दगडासारखा घट्ट होतो, स्टिअरिंगही जड होतं. एसटीचे ड्रायव्हरकाका घाट उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवतात, ते उगीच नाही. आणि खरं सांगायचं तर न्यूट्रलमध्ये बचतही होत नाही. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की आजच्या इंजिनात इंधन जवळजवळ थांबतंच.

आणि एक गोष्ट थेट तुमच्यासाठी. विजेवर हळू चालणारी गाडी इतकी शांत असते, की ती मागून आलेली कळतच नाही. ज्यांना दिसत नाही, जे आवाजावरून रस्ता ओलांडतात, त्यांच्या तर जिवावरच बेतू शकतं. म्हणून युरोपीय संघानं नियम केला. जुलै २०२१ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या विजेच्या आणि हायब्रिड गाडीनं ताशी २० किलोमीटरपर्यंतच्या वेगात मुद्दाम आवाज काढला पाहिजे. शांत गाडीच्या ड्रायव्हरनं जास्त जपून राहायला हवं, हा चौथा धडा. आणि आपण? गल्लीत खेळताना, रस्ता ओलांडताना नुसत्या कानांवर विसंबू नका. मान वळवून डोळ्यांनी पाहा.

आता तुमच्या घरी हायब्रिड नसेल, तर हे सगळं वाचून काय करायचं? अहो, पाय तर सगळ्यांकडे आहे! पुढच्या रविवारी एक प्रयोग करा. गाडीत किंवा रिक्षात बसलात की बाटलीत अर्धं पाणी घेऊन ती हातात सरळ धरा. पाणी किती वेळा हिंदकळतं ते मोजा. जितके हिंदकळे जास्त, तितकी ऊर्जा उधळली. घरी पोचल्यावर आकडा आई-बाबांना सांगा. मागच्या सीटवरून सारखं "बाबा, हळू! बाबा, ब्रेक!" असं मात्र करू नका हं, त्यानं लक्ष विचलित होतं. पुढच्या वेळी पुन्हा मोजा. आकडा उतरला, तर तुमची बाटली म्हणजेच तुमच्या गाडीचा पडदा!

शाळेच्या वाटेवर सायकलवरही हे करता येईल. किती वेळा ब्रेक लावला आणि त्यातले किती टाळता आले असते? सायकलचं पेट्रोल म्हणजे तुमच्या पोटातली पोळी-भाजी, म्हणून फरक चटकन कळेल.

आपला देश लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ऐंशी टक्क्यांहून जास्त तेल बाहेरून विकत आणतो. ते तेल समुद्रावरून येतं, शुद्ध होतं, टँकरनं पंपावर पोचतं आणि टाकीत पडतं. एवढा प्रवास करून आलेला थेंब सिग्नलपाशी ब्रेक तापवण्यात घालवायचा, की आणखी थोडं पुढे जाण्यात, हे ठरवतो एक उजवा पाय. काही वर्षांनी तो तुमचा असेल. त्याला आत्तापासूनच शिकवायला लागा!

तुमच्या बाटलीतलं पाणी किती वेळा हिंदकळलं, ते आम्हाला जरूर लिहून कळवा. बरंय तर, भेटू पुढच्या अंकात!